मराठीच्या तासाला ‘ओळखा पाहू’: खेळ रचायचा कसा, घ्यायचा कसा

बाईंनी मूठ वळून धरलीय आणि वर्ग ओरडतोय: ‘खडू! खोडरबर! गोटी! चॉकलेट!’ पाच मिनिटं धमाल होते, कुणाचं तरी उत्तर बरोबर येतं, टाळ्या पडतात. एवढ्या वेळात वर्गाने मराठीचं एकही पूर्ण वाक्य म्हटलेलं नसतं. सुटी नामं, तीही आधीच पाठ असलेली. ‘भाषिक खेळ’ या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंचसं असंच असतं. मग स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, खेळात तास वाया जातो, त्यापेक्षा स्वाध्याय सोडवून घेतलेले बरे. असल्या खेळाबद्दल त्यांचं म्हणणं खरंच आहे.

ओळखण्याचा खेळ भाषेच्या कामाला जुंपायचा तर एक अट पाळावी लागते. ज्या वाक्याचा सराव हवा, ते नीट म्हटल्याशिवाय मुलाला खेळात पुढे सरकता येता कामा नये. म्हणून आधी वाक्य ठरवायचं आणि मग त्याला साजेसा खेळ रचायचा. खेळ आधी सुचला आणि त्यात भाषा नंतर कोंबली, की मुलं तिला बरोबर चुकवतात. कमीत कमी बोलून जिंकायचा रस्ता त्यांना आपल्याआधी दिसतो.

हा लेख मुख्यतः इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा माध्यमांच्या शाळांत पाचवी ते सातवीला मराठी शिकवणाऱ्यांसाठी आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आणि २०२०-२१ पासून पहिली व सहावीपासून तिची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हापासून हे वर्ग वाढले आहेत. एकाच वर्गात घरी हिंदी बोलणारी, गुजराती बोलणारी, तमीळ बोलणारी आणि घरी मराठीच बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. पाठ्यपुस्तक सगळ्यांना एकच, पण चुका मात्र प्रत्येक घरच्या वेगळ्या.

ओळखायला काहीतरी खरंच दडलेलं हवं

‘हे काय आहे?’ असं पेन दाखवून विचारलं तर वर्गाला तो प्रश्न वाटत नाही, कारण पेन सगळ्यांनाच दिसतंय. तेच पेन पाठीमागे लपवलं की प्रश्न खरा होतो. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही, आणि मधलं अंतर फक्त बोलूनच कापता येतं. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग चालवला होता. बंगळूर प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं, कोडी असली कामं मुलांना द्यायची आणि ती सोडवताना भाषा येऊ द्यायची, असं त्याचं सूत्र होतं. वर्गातल्या कामांमधल्या दऱ्या, म्हणजे बोलून कापायची ही अंतरं, त्यांनी तीन प्रकारच्या मानल्या: माहितीची, तर्काची आणि मताची. आपल्या खेळात पहिल्या दोन येतात. माहिती समोरच्याकडे असते, आणि मिळालेल्या उत्तरांवरून तर्क आपल्याला करावा लागतो.

प्रभूंचा कल व्याकरण मुद्दाम न शिकवण्याकडे होता. मला तेवढं सैल सोडणं पटत नाही. आठवड्याला मराठीच्या मोजक्या तासिका मिळतात, त्यामुळे कोणतं वाक्य घोटायचं हे शिक्षकाने ठरवूनच वर्गात जावं.

पहिला खेळ: अठरा चित्रं

घोटायचं वाक्य: ‘ती मोठी आहे का?’

एकाने अठरांपैकी एक चित्र मनात धरायचं आणि दुसऱ्याने हो-नाही प्रश्न विचारत ते ओळखायचं, असा हा खेळ. यात दोन अडचणी एकदम येतात. पहिली ‘का’ची. हिंदीत ‘क्या’ वाक्याच्या सुरुवातीला येतं, म्हणून मुलं ‘काय ते मोठं आहे?’ असं विचारतात. दुसरी अडचण लिंगाची. हिंदीत लिंगं दोनच, त्यामुळे ‘घर मोठा आहे’ आणि ‘पाणी थंडा आहे’ हे रोजचंच. गुजराती मुलांना तीन लिंगं घरूनच येतात, त्यांचं अडतं ते एखाद्या शब्दापुरतं. सगळ्यात फसवे ते दोन्ही भाषांत सारखेच दिसणारे शब्द. ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. ‘आवाज’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी.

चित्रं निवडण्यात अर्धं काम आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. सहा गट करा आणि प्रत्येक गटात तो, ती, ते यांचं एकेक नाम घ्या.

प्राणी: घोडा, मुंगी, मांजर
खाणं: आंबा, पोळी, केळं
वाहन: ट्रक, बस, विमान
भांडी: चमचा, वाटी, ताट
वर्गातलं: फळा, खुर्ची, पुस्तक
अंगावरचं: बूट, टोपी, घड्याळ

ही अशी विणलेली का, ते पाहा. ‘खायची वस्तू आहे’ हे कळल्यावर तीन उरतात, आणि त्या तिघांत फरक करायचा सोपा रस्ता लिंगाचा असतो. लिंग जाणणाऱ्या मुलाला खेळात खरा फायदा मिळतो. तुम्ही हाताला येतील ती चित्रं उचलली आणि सगळी खाण्याची चित्रं ‘ती’ निघाली, तर ही चावी हरवते.

आता विशेषणं. इथे बहुतेक खेळ गळतात. मुलं विचारतात, ‘गोल आहे का? लाल आहे का? लांब आहे का?’ गोल, लाल, लांब, जड, लहान, महाग, गोड ही विशेषणं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. तासभर असे प्रश्न आले तरी ज्याचा सराव हवा होता तो होतच नाही. म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखा आणि फक्त ‘आ’ने संपणारी विशेषणं लिहा: मोठा, छोटा, काळा, पांढरा, पिवळा, हलका, चपटा, जुना. याच चौकटीतून प्रश्न विचारायचे. ‘लहान’ का नाही, ‘छोटा’च का, असं एखादी मुलगी नक्की विचारते. तिला तिथल्या तिथे सांगून टाका. व्याकरणाचा तो सगळ्यात चांगला क्षण असतो.

तयारीत प्रत्येक जोडीला चित्रांचा एक कागद लागतो. रंगीत छपाईची गरज नाही. फळ्यावर अठरा शब्द लिहून मुलांनी वहीत स्वतः चित्रं काढली तरी चालतं. मुंगीसारखा ट्रक आणि ट्रकसारखी मुंगी निघते, पण खेळ अडत नाही.

तासिका ३५ मिनिटांची धरली तर माझी विभागणी अशी असते.

पहिली पाच मिनिटं अठरा शब्द तो-ती-ते लावून मोठ्याने वाचायचे, ‘तो घोडा, ती मुंगी, ते मांजर’. पुढची सहा-सात मिनिटं तुम्ही एक चित्र मनात धरायचं आणि वर्गाने विचारायचं. इथे नियम सांगायचा नाही, करून दाखवायचा. कुणी ‘आंबा!’ ओरडलं की ऐकूच आलं नाही असा चेहरा ठेवा. कुणी ‘ते खायचं आहे का?’ असं विचारलं की लगेच वळून पूर्ण वाक्यात उत्तर द्या: ‘नाही, ते खायचं नाही.’ दोन-तीन वेळा असं झालं की ओरडणं आपोआप थांबतं, कारण ओरडून काही मिळत नाही.

काय आहे ते ठाऊक नसताना मराठीत ‘ते’ वापरतात. म्हणून पहिले प्रश्न ‘ते’ने: ‘ते वाहन आहे का?’ मग लिंग विचारायचं: ‘ती “ती” आहे का?’ हे वाक्य विचित्र वाटतं, पण मुलांना भारी आवडतं. लिंग कळल्यापासून मात्र पुढचा प्रत्येक प्रश्न त्याच लिंगात यायला हवा. ‘ती’ आहे हे कळल्यावर ‘मोठं आहे का?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही आणि पाळी जाते. एवढी एकच शिक्षा ठेवा.

मग जोड्या. हा भाग कापू नका. ४५ मुलांच्या वर्गात एकेकाने उठून विचारायचं म्हटलं तर वीस प्रश्नांत वीसच मुलं एकेक वाक्य बोलतात. जोड्यांत १२ मिनिटं खेळ चालला आणि एका प्रश्नोत्तराला २० सेकंद धरले, तर एका जोडीचे ३६ प्रश्न होतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या तोंडून १८. आवाज होईल. शेजारच्या वर्गाचे सर डोकावतील. त्यांना आधीच सांगून ठेवा.

चतुर मुलं अठरा चित्रं पाच प्रश्नांत संपवतात, कारण दर प्रश्नाला साधारण निम्मी चित्रं गळाली तर तेवढे पुरतात. गणिताच्या दृष्टीने हे छान आहे. याच हिशोबाने वीस हो-नाही प्रश्नांत १०,४८,५७६ शक्यतांतून एक हुडकता येते. आपल्याला मात्र डाव लवकर संपणं परवडत नाही. अशा जोडीला दोन चित्रं एकदम मनात धरायला सांगा. आता ‘त्या मोठ्या आहेत का?’, ‘ती दोन्ही काळी आहेत का?’ असे अनेकवचनाचे प्रश्न येतात, आणि तिथे चतुर मुलंही अडखळतात.

शेवटच्या आठ मिनिटांत वहीत चार वाक्यं. मनातल्या चित्राबद्दल, नाव न लिहिता: ‘ती छोटी आहे. ती काळी आहे…’ वही शेजाऱ्याला द्यायची आणि त्याने उत्तर लिहायचं.

दुसरा खेळ: चेंडू कुठे आहे?

घोटायचं वाक्य: ‘चेंडू डब्यात आहे का?’

सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना बदलणारं नामाचं रूप, शिकवताना नियमांची यादी दिली की मुलं पाठ करतात आणि बोलताना ‘डबामध्ये’च म्हणतात. इथेही नामांची निवड महत्त्वाची आहे. चार प्रकार घ्या, प्रत्येकी तीन शब्द. डबा, फळा, पंखा यांचं डब्यात, फळ्यावर, पंख्यावर होतं. कपाट, दप्तर, टेबल यांचं कपाटात, दप्तरात, टेबलाखाली. खुर्ची, पिशवी, बादली मूळ रूपातच राहतात: खुर्चीखाली, पिशवीत, बादलीत. भिंत, चादर, परात यांना ‘ई’ लागते: भिंतीवर, चादरीखाली, परातीत.

फळ्यावर एक खोली काढा, तीत या बारा वस्तू. मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची. प्रत्येकाने मनातल्या मनात एक चेंडू लपवायचा आणि जागा कागदाच्या मागे लिहून ठेवायची. बारा वस्तू आणि वर, खाली, मागे, आत अशा चार जागा, म्हणजे ४८ शक्यता. ‘पंख्यात’ किंवा ‘भिंतीत’ अशा काही चमत्कारिक निघतात. त्यांनाही मज्जाव करू नका.

नुसतं ‘नाही’ असं उत्तर मिळत राहिलं तर हा खेळ आंधळ्या तिरंदाजीचा होतो. म्हणून उत्तराचा नियम असा: वस्तू बरोबर असेल आणि जागा चुकली असेल तर तसं सांगायचं. चेंडू परातीखाली आहे आणि प्रश्न आला ‘परातीत आहे का?’, तर उत्तर ‘परात बरोबर आहे, पण चेंडू परातीत नाही.’ यात उत्तर देणाऱ्याचाही सराव होतो. एरवी तो ‘हो-नाही’वर भागवतो.

या खोलीत मी फळ्याशेजारी मुद्दाम एक फळ काढतो. मग ‘फळामागे’ आणि ‘फळ्यामागे’ या दोन वेगळ्या जागा होतात. चेंडू फळ्यामागे लपवणाऱ्याला ‘फळामागे आहे का?’ असा प्रश्न आला की तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, आणि दोन मिनिटांनी भांडण जुंपतं: ‘मी विचारलं होतं!’ त्या भांडणात सामान्यरूप जितकं पक्कं होतं तितकं दहा स्वाध्यायांत होत नाही.

हाच खेळ खऱ्या वर्गात, खऱ्या डस्टरने घेतला तर आणखी एक गोष्ट साधते. वर्गाचे दोन गट करा. एक लपवणारा, दुसरा बाहेर जाऊन येणारा. लपवणाऱ्यांनी म्हणायचं, ‘आम्ही डस्टर लपवलं. ओळखा!’ इथे ‘आपण लपवलं’ म्हटलं तर दुसरा गटही त्यात आला. हिंदीभाषक मुलांना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद घरून मिळालेला नसतो, गुजराती मुलांना असतो. दोन गट आमनेसामने उभे राहिले की तो भेद समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा: काल काय खाल्लंस?

घोटायचं वाक्य: ‘तू काल दुपारी भाकरी खाल्लीस का?’

चिठ्ठ्यांवर पदार्थ लिहा: भात, डोसा, लाडू, पोळी, भाकरी, खिचडी, पिठलं, थालीपीठ, आइस्क्रीम. मुलाने सकाळ, दुपार, रात्र यांसाठी एकेक चिठ्ठी उचलायची, जोडीदाराने तिन्ही ओळखायच्या. चिठ्ठ्याच वापरा. खरंच काल काय खाल्लं ते विचारू नका. कुणाच्या घरी काय शिजतं, काय शिजत नाही आणि कधी शिजलंच नाही, हे भर वर्गात उघडं पाडायचं कारण नाही.

क्रियापद कर्माप्रमाणे चालतं ही गोष्ट हिंदी मुलांना नवी नाही. त्यांचं अडतं ते ‘मीने खाल्ला’पाशी, कारण ‘मैंने’चा ‘ने’ सोबत येतो. मी आणि तू यांना ‘ने’ लागत नाही, तो आणि ती यांना लागतो. म्हणून डाव दोन टप्प्यांत घ्या: आधी जोडीत ‘तू… खाल्लीस का?’, मग जोडीदाराबद्दल वर्गाला सांगणं, ‘तिने काल रात्री खिचडी खाल्ली.’ घरी तमीळ बोलणाऱ्या मुलांना मात्र पहिल्या टप्प्यालाच जास्त वेळ द्या. तमीळमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, त्यामुळे मुलगा खाणारा असताना ‘खाल्ली’ का, हेच त्यांना पटत नाही.

पिण्याचे पदार्थ टाळा. ‘मी चहा प्यायलो’ आणि ‘मी चहा प्यायला’ दोन्ही कानावर पडतं. ‘जेवणे’ही बाजूला ठेवा, ते कर्त्याप्रमाणे चालतं.

पाठीवरची चिठ्ठी

हा सगळ्यांना माहीत असलेला खेळ: पाठीवर नाव चिकटवायचं आणि ‘मी कोण?’ ते इतरांना विचारत फिरायचं. ‘मी खेळाडू आहे का?’ यापलीकडे भाषा जात नाही, म्हणून मी तो उलटा करतो. चिठ्ठी लावलेल्याने गप्प राहायचं आणि इतरांनी एकेक वाक्य सांगायचं. चिठ्ठीवर सावित्रीबाई फुले असतील तर ‘त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली’, ‘त्या कविता लिहायच्या’. आदरार्थी अनेकवचन यातून आपोआप येतं, आणि हिंदी-इंग्रजीतून आलेल्या मुलांना ‘त्या’ हे एकाच बाईंबद्दल बोलणं आहे हे इथेच उमगतं. वर्गातल्या मुलांची किंवा शिक्षकांची नावं चिठ्ठीवर नकोत. तिसऱ्या वाक्याला कुणीतरी कुणाच्या जाडीवर किंवा रंगावर येतंच.

फळ्यावरचा शब्द

इंग्रजीत रिकाम्या जागा आखून अक्षरं ओळखायचा आणि चुकलं की फाशीचा माणूस काढायचा खेळ असतो. तो मराठीत जसाच्या तसा आणला की बिनसतो, कारण देवनागरीत व्यंजन आणि स्वरचिन्ह मिळून एक अक्षर होतं. ‘ह आहे का?’ असं विचारल्यावर ‘ही’ लिहायचं की नुसता ‘ह’? याचा निर्णय आधी करा. दोन फेऱ्या ठेवा. पहिल्या फेरीत फक्त व्यंजनं: _ _ _ चं ‘व ह र’ होतं. दुसऱ्या फेरीत चिन्हं: ‘पहिल्या अक्षराला वेलांटी आहे का? ऱ्हस्व की दीर्घ?’ आणि ‘विहीर’ पुरी होते.

फासाऐवजी दहीहंडीचे सात थर काढा, चुकलं की एक थर पुसायचा.

खेळाचा कस शब्दाच्या निवडीत आहे. जमीन, विहीर, दूध, कापूस असे शब्द घ्या. शब्द ओळखला की त्याच संघाने त्याला ‘त’ किंवा ‘वर’ लावून पुन्हा लिहायचं: जमिनीवर, विहिरीत, दुधात, कापसात. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, दीर्घ असलेलं अक्षर सामान्यरूपात ऱ्हस्व होतं, आणि ‘कापूस’मधला उकार तर नाहीसाच होतो. मराठी माध्यमाच्या सातवी-आठवीलाही हा खेळ चालतो. शुद्धलेखनाचे गुण तिथेच कापले जातात.

कोडी

आपल्याकडे ओळखण्याच्या खेळांची परंपरा पुस्तकांतून आलेली नाही. घरोघरी कोडी घातली जात, कोकणात आणि गोव्यात त्यांना हुमाण म्हणतात. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हणजे चांदण्या आणि चंद्र. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ म्हणजे दात आणि जीभ. ‘पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब’ म्हणजे मक्याचं कणीस. ‘कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी’ म्हणजे लसूण.

ही मुलांना थेट विचारू नका. ज्याने सूप पाहिलेलं नाही, लाह्या पाहिलेल्या नाहीत, त्याला चांदण्या सुचणार कुठून? दहिसरच्या चौदाव्या मजल्यावर लसणीच्या मानेवर कुणी बुक्की घालत नाही. उत्तरं आधी सांगा आणि जोड्या लावायला द्या: चार कोडी, चार उत्तरं, आणि ‘हेच का?’ याचं एक वाक्यात कारण. ‘लसूण, कारण बुक्की मारली की पाकळ्या सुट्या होतात.’ वाक्यात ‘कारण’ आणायला याहून बरं निमित्त मला सापडलेलं नाही.

पुढच्या तासाला मुलांनी स्वतः कोडं रचायचं. साचा द्या: ‘मला … आहेत, पण मला … ता येत नाही.’ ‘मला चार पाय आहेत, पण मला चालता येत नाही.’ (खुर्ची) ‘मला दात आहेत, पण मला चावता येत नाही.’ (कंगवा) हिंदीच्या वळणाने मुलं ‘मी चालू नाही शकत’ म्हणतात. या साच्यात ‘शकणे’ला जागाच नाही, त्यामुळे ‘-ता येणे’ जिभेवर बसतं. दोन-तीन कोडी झाली की मुलं साचा स्वतःच मोडतात. ‘मी रोज शाळेत येतो, पण मला वाचता येत नाही’, उत्तर डबा. एखादा उत्तर म्हणून शेजाऱ्याचं नाव घेतो. ते हसण्यावारी न्या, पण फळ्यावर लिहू नका.

चुका कधी दुरुस्त करायच्या

खेळ चालू असताना तुम्ही मधे बोलायचं नाही. चूक पकडायचं काम समोरच्या मुलाचं: त्याने ‘काय म्हणालीस?’ एवढंच विचारायचं. निम्म्या वेळा बोलणारी स्वतःच सुधारते. तुम्ही बाकांमधून फिरत तीन चुका टिपा, तीनच, आणि सगळ्यांच्या कामाच्या. खेळ संपल्यावर त्या फळ्यावर लिहा, कुणाच्या ते न सांगता, आणि वर्गाकडून दुरुस्त करून घ्या.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा. ती दोन मिनिटांत उत्तर ओळखून मोकळी होतात. त्यांना पंच करा. तीन जोड्यांमागे एक पंच, ज्याचं काम उत्तर ओळखण्याचं नाही, वाक्य ऐकण्याचं आहे. रूप चुकलं की त्याने चित्रांचा कागद उलटा करून ठेवायचा. मात्र या मुलांची बोली ‘सुधारायला’ जाऊ नका. साताऱ्याकडची किंवा वऱ्हाडातली मुलगी घरच्यासारखं बोलली तर ते मराठीच आहे. लिहिताना प्रमाण रूप कोणतं, हे वेगळ्या तासाला.

परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांत उलटी परिस्थिती असते. मुलांना ऐकलेलं बरंच कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. तिथे मुलाला उत्तर देणारा करूच नका. तो ‘यस’, ‘नो’ म्हणून मोकळा होतो. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर घ्या, चित्र त्यांनी मनात धरायचं आणि प्रश्न मुलाने विचारायचे. इंग्रजी न येणारी आजी असेल तर सोन्याहून पिवळं.

एक खेळ सलग तीन तासांपेक्षा जास्त चालवू नका. चौथ्यांदा मुलं सराईतपणे तेच सहा प्रश्न फेकतात आणि डोकं बंद असतं. महिन्याभराने तोच कागद नव्या विशेषणांसह पुन्हा काढा.

नोंदींचं म्हणाल, तर आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्गात शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, ‘तोंडी काम’ हा रकाना असतो आणि सत्राच्या शेवटी तो घाईघाईत भरला जातो. जोड्यांच्या खेळात रोज पाच मुलांजवळ दोन-दोन मिनिटं उभं राहा, हजेरीपटाच्या झेरॉक्सवर त्यांनी म्हटलेलं एकेक वाक्य जसंच्या तसं लिहा, चुकीसकट. ‘ती काळा आहे का?’, तारीख. ४५ मुलांचा वर्ग नऊ तासिकांत संपतो. दुसऱ्या सत्रात त्याच कागदावर, त्याच नावापुढे दुसरं वाक्य लिहायला जागा सोडा.